जहाज ते किनारा : एका पोलादी नावेची कथा

समुद्र कोठे संपतो आणि जमीन कोठे सुरू होते, हे नकाशावर एका रेघेने दाखविता येते. प्रत्यक्ष किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे ती रेघ सापडत नाही. दिसतो तो एक पट्टा. भरतीच्या वेळी तो पाण्याचा असतो, ओहोटीच्या वेळी वाळूचा, आणि मधल्या वेळी धड कोणाचाच नसतो. मोठे जहाज तेथवर येऊ शकत नाही, त्याचा तळ रुततो. गाडी तेथून पुढे जाऊ शकत नाही, तिची चाके बुडतात. शांततेच्या काळी एवढे अंतर काटायला एखादी होडी किंवा गुडघाभर पाण्यातून चालण्याची तयारी पुरते. युद्धकाळी मात्र याच काही शे पावलांच्या पट्ट्यात हजारो तरुणांचे प्राण गेले आहेत. हा पट्टा ओलांडण्यासाठी जे चिलखती वाहन निर्माण झाले, जे पाण्यात नावेसारखे तरते आणि वाळूवर रणगाड्यासारखे चालते, त्याची हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकात असल्या लढाऊ यंत्राचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील तर ते गैर नाही. त्यावर आमची दोन उत्तरे आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, इंदूरजवळ महूला पायदळाची शाळा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतूनही कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या, कोणाचा जावई सैन्यात असतोच. त्याला कोणत्या वाहनात बसवितात आणि ते वाहन त्याला कितपत जपते, हे जाणून घेण्याचा हक्क घरच्या माणसांना आहे. हे झाले पहिले उत्तर. दुसरे असे की, हे यंत्र मुळात युद्धासाठी जन्मलेच नव्हते. पुरात सापडलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी त्याची कल्पना निघाली.

अमेरिकेच्या अगदी दक्षिणेस फ्लॉरिडा हे राज्य आहे. सखल, सरोवरांनी आणि दलदलींनी भरलेले. १९२८ च्या सप्टेंबरात तेथे भयंकर चक्रीवादळ झाले, ओकीचोबी सरोवराचा बांध फुटला आणि किमान अडीच हजार माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रदेशात मदतीला निघणाऱ्यांची मोठी पंचाईत होई. मोटार काढावी तर ती पाण्यात बुडे. होडी काढावी तर ती चिखलात आणि लव्हाळ्यात रुते. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल ज्या रोब्लिंग घराण्याने उभारला, त्याच घराण्यातील जॉन रोब्लिंग यांची फ्लॉरिडात मालमत्ता होती. त्यांनी आपला मुलगा डोनाल्ड याला सुचविले की, मोटार जेथे बुडते आणि होडी जेथे रुतते, त्या दोहोंमधल्या जागी चालेल असे काही तरी तू बनव.

डोनाल्डने क्लिअरवॉटर या गावी कार्यशाळा थाटली आणि १९३५ साली पहिले वाहन बाहेर काढले. ॲल्युमिनियमची एक मोठी पेटी, तिच्या दोन्ही अंगांस रणगाड्यासारखे साखळपट्टे, आणि त्या पट्ट्यांवर बसविलेली आडवी पाती, असे त्याचे रूप होते. जमिनीवर ही पाती चिखलात रोवली जाऊन गाडीला पकड देत. पाण्यात शिरताच तीच वल्ह्यांचे काम करीत. या वाहनाचे नाव त्याने 'ॲलिगेटर', म्हणजे मगर, असे ठेविले. पहिल्या मगरीचा पाण्यातील वेग ताशी चार किलोमीटरसुद्धा नव्हता. दोन वर्षांच्या खटपटीने तो तिपटीहून अधिक झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात 'लाइफ' या साप्ताहिकात तिची सचित्र हकीकत छापून आली. नौदलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ती वाचली आणि मरीन दलाच्या, म्हणजे जहाजावरून उतरून लढणाऱ्या सैन्याच्या, सेनापतीला दाखविली. त्यांना हवे होते ते हेच. मगरीला ॲल्युमिनियमऐवजी पोलादाचे अंग देण्यात आले आणि फळांच्या डबाबंदीची यंत्रे बनविणाऱ्या फूड मशिनरी कॉर्पोरेशन या कंपनीच्या कारखान्यातून १९४१ च्या जुलैत पहिली लष्करी गाडी बाहेर पडली. पूरग्रस्तांसाठी योजिलेली नाव अशा रीतीने सैन्यात भरती झाली. महायुद्ध संपेपर्यंत तिची १८,००० हून अधिक भावंडे तयार झाली.

पोलादाची गाडी तरते कशी, याचा उलगडा घरच्या न्हाणीघरात होण्यासारखा आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात पितळेची वाटी हलकेच ठेवा, ती तरंगेल. तीच वाटी तिरपी करून आत पाणी घ्या. ती तळाला जाईल. पितळ तेच, वजन तेच. वाटीच्या पोकळीने जेवढे पाणी बाजूला सारले, त्याच्या वजनाएवढा आधार तिला मिळाला होता. पोकळी पाण्याने भरली आणि आधार गेला. आमच्या या वाहनाचे सारे शास्त्र या वाटीत आहे, आणि त्याचे सारे भयही तेथेच आहे. गोळी आत शिरू नये म्हणून पत्रा जाड करावा तर वजन वाढते आणि वाहन पाण्यात अधिक खोल बसते. पाण्यावर नीट तरावे म्हणून पत्रा पातळ ठेवावा तर गोळी आत येते. वेग हवा तर मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला जागा लागते, आणि मग माणसे कमी बसतात. जमीन आणि पाणी या दोन्ही घरांची मर्जी राखणाऱ्या या वाहनाला दोन्हीकडे काही ना काही सोडावेच लागते.

या यंत्राची खरी परीक्षा झाली ती प्रशांत महासागरातील तारावा येथे. आज तारावा किरिबाती या स्वतंत्र राष्ट्राच्या राजधानीचे ठिकाण आहे; तेव्हा ती ब्रिटिशांची वसाहत होती आणि जपानने ती व्यापली होती. तेथील बेटिओ हे बेट तीन-सव्वातीन किलोमीटर लांब आणि रुंदीला एक किलोमीटरहूनही कमी. एवढ्याशा जागेत जपानी सैनिक व कोरियन मजूर मिळून पाऊणपाच हजारांच्या आसपास माणसे होती. बेटाभोवती प्रवाळाची भित्ती आहे. किनाऱ्यापासून पाच-सातशे मीटर अंतरावर, कोठे त्याहूनही दूर. अमेरिकन सैन्य ज्या लाकडी होड्यांतून उतरावयाचे होते, त्यांना तरण्यासाठी सव्वा मीटरच्या आसपास पाणी लागे. भरतीच्या वेळी प्रवाळावर तेवढे पाणी असेल की नसेल, या प्रश्नावर हजारोंचे प्राण अवलंबून होते.

त्या बेटांवर अनेक वर्षे राहिलेले न्यूझीलंडचे मेजर हॉलंड यांनी बजावले होते की त्या दिवसांत तेथे तीन फुटांहून अधिक पाणी येणार नाही. मरीन दलाचे सेनापती हॉलंड स्मिथ यांनाही होड्यांचा भरवसा वाटत नव्हता. उभयचर गाड्या मिळाल्याखेरीज आपण ही मोहीम पत्करणार नाही, असा त्यांनी आग्रह धरला. त्यामुळे अखेर १२५ गाड्या मिळाल्या. त्यांतील जुन्या गाड्यांना पुरेसे चिलखत नव्हते. न्यूझीलंडात असताना त्यांच्यावर बॉयलरचे जाड पत्रे ठोकून घेण्यात आले.

२० नोव्हेंबर १९४३ रोजी सकाळी हल्ला सुरू झाला. पहिल्या तीन रांगा या गाड्यांतून निघाल्या, प्रवाळावर चढल्या, पलीकडे उतरल्या आणि गोळ्यांच्या वर्षावात वाळूला लागल्या. त्यांच्या मागून होड्या आल्या त्या मात्र प्रवाळावर अडकल्या. पाणी चढेना. होड्यांतील सैनिकांना तेथेच उतरून, बंदुका डोक्यावर धरून, कमरेएवढ्या आणि कोठे छातीएवढ्या पाण्यातून चालत जावे लागले. समोरून मशिनगन चालू होत्या आणि आडोसा कशाचाच नव्हता. किनाऱ्यावर पोहोचलेल्या गाड्या जखमींना आणण्यासाठी आणि अडकलेल्यांना उतरवून घेण्यासाठी पुन्हा प्रवाळाकडे वळल्या. त्यांपैकी कित्येकींच्या अंगाला गोळ्यांनी भोके पडली होती. खोल पाण्यात जाताच त्या बुडाल्या. लढाई ७६ तास चालली. अमेरिकेचे हजारावर सैनिक मेले. जपानच्या बाजूचे बहुतेक सर्वच मेले. जपानी सैनिकांपैकी जिवंत हाती लागले ते केवळ सतरा. १२५ गाड्यांपैकी सुमारे ९० निकामी झाल्या.

त्या दिवशी पाणी का चढले नाही, याचे कोडे पुढे अनेक वर्षे होते. १९८७ साली डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने चंद्राच्या स्थितीचे गणित मांडून ते सोडविले. चंद्र तेव्हा अर्धा होता आणि शिवाय पृथ्वीपासून आपल्या सर्वांत दूरच्या स्थानाजवळ होता. त्यामुळे भरती आणि ओहोटी यांतील फरक अगदी अल्प झाला होता. आमच्या गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकांना हे सांगावयास पंडित नको. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे तेथला दर्यावर्दी बापाकडूनच शिकतो. तारावाची ती सकाळ आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य अष्टमीच्या सुमारासची होती. आरमारे चालविणाऱ्यांनी एका बेटकराचे ऐकले नाही, त्याची किंमत दुसऱ्यांच्या मुलांनी मोजली.

तारावानंतर या गाडीवाचून किनाऱ्याला लागण्याची भाषा मरीन दलाने सोडून दिली. गाडीतही सुधारणा झाल्या. आरंभीच्या गाड्यांतून उतरताना सैनिकाला कठड्यावर चढून बाहेर उडी घ्यावी लागे आणि त्या क्षणी तो शत्रूचे आयते लक्ष्य बने. पुढे इंजिन पुढल्या बाजूस सरकवून मागे एक दार केले. ते खाली पडताच त्याचीच उतरती फळी होई आणि माणसे गाडीच्या आडोशाने बाहेर पडत. १९४४ च्या जूनमध्ये सायपान बेटावर सातशेहून अधिक गाड्या योजिल्या गेल्या आणि पहिल्या वीस मिनिटांत सुमारे आठ हजार माणसे किनाऱ्याला लागली.

त्याच महिन्यात, ६ जून १९४४ रोजी, युरोपात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसरा उपाय योजून पाहण्यात आला. साध्या रणगाड्याभोवती उंच कॅनव्हासचा पडदा उभारावयाचा, म्हणजे तोच नाव होतो, अशी ती युक्ती. शांत पाण्यात ती साधत असे. ओमाहा नावाच्या किनाऱ्यासमोर मात्र लाटा उंच होत्या. तेथे एका तुकडीचे २९ रणगाडे समुद्रात सोडले गेले, त्यांतील २७ किनारा गाठण्याआधीच तळाला गेले. वाटीत पाणी शिरले, की वाटी किती मोलाची आहे हे समुद्र पाहत नाही.

आपल्याकडील दोन प्रसंग येथे आठवतात. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय नौदलाची तुकडी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरली. तिच्यापाशी चिलखती वाहने नव्हती. जहाजावरून किनाऱ्यापर्यंतचे अंतर उघड्या होड्यांतून काटावयाचे होते. पहिली तुकडी उतरली, पाठोपाठ येणाऱ्यांवर मशिनगनचा मारा झाला. त्या कारवाईत सात नौसैनिकांना वीरमरण आले. उघड्या होडीत माणसाला शौर्याखेरीज दुसरे चिलखत नसते. दुसरा प्रसंग १९७१ च्या नोव्हेंबरातील गरीबपूरच्या लढाईचा. तेथे ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६ रणगाडे होते. रशियन बनावटीचा हा रणगाडा पाण्यात पोहतो, आणि पोहावयाचे म्हणूनच त्याचे चिलखत बोटभर जाडीचे. अशा पातळ पत्र्याच्या आड राहून त्या तुकडीने शत्रूचे बहुतेक रणगाडे नष्ट केले. तिचे नायक मेजर दलजितसिंग नारग धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

पुढे भारतात बीएमपी-२ हे पायदळाचे उभयचर वाहन 'सारथ' या नावाने तयार होऊ लागले. हैदराबादजवळच्या मेदकच्या कारखान्यातून १९८७ पासून ते बाहेर पडू लागले. पाण्यात ते साखळपट्ट्यांच्याच जोरावर ताशी सात किलोमीटरच्या आसपास चालते. नद्या आणि कालवे ओलांडणे हे त्याचे काम. खवळलेल्या समुद्राच्या लाटा फोडणे हे नव्हे. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, वाहन संशोधन संस्थेने टाटांच्या सहकार्याने आठ चाकांचे एक उभयचर वाहन सिद्ध केले, तेही याच परंपरेतले.

असो. मगरीच्या मूळ वंशाकडे वळू. १९७२ साली अमेरिकेच्या मरीन दलात जी नवी पिढी आली, तिला पुढे एएव्ही-७ हे नाव मिळाले. तीन चालक-सहायक आणि वीसाहून अधिक सैनिक तिच्यात बसत. मागच्या बाजूस पाण्याचे झोत फेकणारी दोन यंत्रे असत आणि त्यांच्या रेट्याने ती समुद्रात ताशी तेरा किलोमीटर वेगाने जाई. २००५ साली कॅट्रिना हे चक्रीवादळ मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मरीन दलाच्या राखीव तुकडीने याच गाड्या पुरात घालून अडकलेली माणसे बाहेर काढली. रोब्लिंग पितापुत्रांनी जे योजिले होते, ते सत्तर वर्षांनी त्यांच्या यंत्राच्या वंशजाने पार पाडले.

दरम्यान किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रे दूरचा पल्ला गाठू लागली आणि जहाजांना किनाऱ्यापासून पंचवीस सागरी मैल दूर राहण्याची इच्छा होऊ लागली. एवढे अंतर ताशी तेरा किलोमीटरने काटावयाचे तर आतील सैनिक लाटांनी आणि ओकाऱ्यांनी अर्धमेला होऊनच उतरावयाचा. म्हणून पाण्यावर ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारे वाहन बनविण्याचा घाट घातला गेला. त्यासाठी २,७०० अश्वशक्तीचे इंजिन लागले. वाहन धावले, परंतु वारंवार बिघडू लागले आणि खर्च आवाक्याबाहेर गेला. सुमारे तीन अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर २०११ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तो प्रकल्प रद्द करण्याचे जाहीर केले. जुन्या एएव्ही-७ गाड्यांनाच आणखी काही वर्षे राबावे लागणार हे त्यामुळे ठरून गेले.

त्याचा परिणाम ३० जुलै २०२० रोजी दिसला. कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटी बेटाजवळ सराव चालू होता. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, एक गोळीही सुटली नव्हती. सराव आटोपून एक गाडी सोळा जणांना घेऊन जहाजाकडे परत निघाली. वाटेत तिच्यात पाणी येऊ लागले. या गाड्यांत थोडे पाणी झिरपतेच, त्यासाठी उपसणारे पंप असतात; त्या दिवशी येणारे पाणी उपसल्या जाणाऱ्या पाण्याहून अधिक होऊ लागले. पाणी घोट्याशी आले की माणसांना बाहेर काढावे, असा नियम होता. पाणी घोट्याच्या वर गेले, बसण्याच्या बाकापर्यंत आले. हुकूम मात्र वेळेवर सुटला नाही. जवळ रक्षक-होडी नव्हती. दुसरी गाडी मदतीला येऊन पोहोचली, वरचे झाकण उघडले, आणि त्याच वेळी लाट आत शिरली. गाडी सुमारे ११७ मीटर खोल तळाशी गेली. सात जण वाचले. आठ मरीन आणि नौदलाचा एक रुग्णसेवक, असे नऊ जण गेले. त्यांतला सर्वांत मोठा तेवीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. तिचे निष्कर्ष वाचताना मन विषण्ण होते, कारण त्यांत अगम्य असे काहीच नाही. गाडी बराच काळ नादुरुस्त पडून राहिलेली होती. तिच्या सांध्यांतून पाणी शिरत होते. आतील काही सैनिकांचे बुडत्या वाहनातून बाहेर पडण्याचे शिक्षण पुरे झालेले नव्हते. हा अपघात टळण्यासारखा होता, असे चौकशी करणाऱ्यांनीच नमूद केले. काही अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि २०२१ च्या डिसेंबरात या गाड्यांनी आणीबाणी वगळता पाण्यात जाऊ नये असा निर्णय झाला. त्यांच्या जागी आलेले आठ चाकांचे नवे वाहन २०२२ च्या जुलैत लाटांमध्ये उलटले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, परंतु त्याच्या समुद्रातील वापरावर लागलीच निर्बंध घालण्यात आले. लाटेने यंत्राचे वय विचारले नाही.

नव्वद वर्षांच्या या कथेत पोलाद बदलले, इंजिने बदलली, पाती जाऊन झोत आले. बदलले नाही ते एकच. गोळीपासून चिलखत वाचविते. पाण्यापासून वाचविते ती निगा. एक झिजलेला रबरी पट्टा, एक न तपासलेला पंप, एक पुढे ढकललेला शिक्षणवर्ग, एक वेळेवर न दिलेला हुकूम, यांपैकी कशाचाही आवाज होत नाही, आणि म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या घरी विहिरीचा रहाट तपासणारी, पावसाळ्याआधी कौले शाकारून घेणारी जी पिढी होती, तिला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

सैन्यात मुलगा धाडणारे घर त्याच्या शौर्याची अपेक्षा बाळगते आणि त्याच्या मरणाचीही तयारी ठेवते. परंतु ते मरण शत्रूच्या हातून यावे, आपल्याच गाडीच्या सैल सांध्यातून येऊ नये, एवढे मागण्याचा अधिकार त्या घराला आहे. तो अधिकार राखणे हे हातात पाना असलेल्या कारागिराचे काम आहे, आणि ज्याच्या तोंडी हुकूम आहे त्या अधिकाऱ्याचे त्याहून अधिक.